आत्याने ‘कुर्र’ करण्याआधी बाळाचा कान तपासा

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या प्रसूतिगृहांचे चालक, बालरोगतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, दोन्ही शहरांचा आरोग्य कारभार पाहणारे अधिकारी, आणि माझे ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, सहकारी

विषय : प्रत्येक नवजात बाळाची श्रवण चाचणी आणि त्यापुढची जबाबदारी

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका खासगी प्रसूतिगृहात चार ओळींचं परिपत्रक निघालं. तिथे मी आठवड्यातून तीन दिवस नवजात बाळांचे कान तपासायला जाते, म्हणून एक प्रत माझ्याही हातात पडली. यापुढे श्रवण चाचणी बाळंतपणाच्या पॅकेजमध्ये धरायची नाही. जी बाळं एनआयसीयूत, काचेच्या पेटीत राहिली असतील त्यांची करायची, बाकीच्यांची पालकांनी मागितली तर. कारणं दोन दिली होती : बहुतेक बाळं पासच होतात, आणि ज्यांची चाचणी पुन्हा करावी लागते त्यांचे पालक घाबरून तक्रारी करतात.

त्या रुग्णालयाचं नाव मी इथे घेणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे डिस्चार्ज कागद मी रोज पाहते. त्यातल्या कितीतरी कागदांवर कानाचा उल्लेखच नसतो. या रुग्णालयाने चालू असलेली चाचणी थांबवली आणि ती गोष्ट कागदावर आणली, एवढाच फरक. त्यामुळे हे पत्र त्या एका दाराशी ठेवून भागणार नाही.

त्याच आठवड्यात दिघ्याहून एक जोडपं त्यांच्या पावणेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन आलं. मुलगा चुणचुणीत, डोळे सतत आईच्या चेहऱ्यावर. बेरा चाचणी केली, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते पाहिलं. दोन्ही कानांत 90 डेसिबलपर्यंत काहीही प्रतिसाद नाही. मी जन्माचे कागद मागितले. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले होते. त्यावर एक ओळ छापलेली होती : ‘श्रवण चाचणी – ऐच्छिक’. पुढचा चौकोन रिकामा. आई म्हणाली, ‘मॅडम, ऐच्छिक म्हणजे काय ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आम्हाला वाटलं, लागत नसेल.’

तिला शंका सहाव्या महिन्यापासून होती. कुकरची शिट्टी झाली तरी बाळ दचकत नसे. सासूबाई म्हणाल्या, मुलगे उशिरा बोलतात, याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला. पाठीमागे थाळी वाजवून पाहिली, तर तो वळला. थाळी वाजवणाऱ्याची सावली हलते, लादीला हादरा बसतो, वारा लागतो, आणि ज्या मुलाला ऐकू येत नाही त्याचं लक्ष या सगळ्याकडे आपल्यापेक्षा जास्त असतं. दवाखान्यात डॉक्टरांनी टाळी वाजवली तेव्हाही तो वळला. ‘थांबा, बोलेल,’ असं सांगून त्यांना घरी पाठवलं. ते थांबले. दोन वर्षं थांबले.

या मुलाचं बारसं बाराव्या दिवशी थाटात झालं होतं. आईने मोबाइलवर फोटो दाखवला. पाळणा, झेंडूच्या माळा, आणि आत्या वाकून त्याच्या कानाशी ‘कुर्र’ करून नाव सांगतेय. त्याच दिवशी कानही टोचले होते. आपल्याकडे बाळाच्या कानाचं इतकं कौतुक आहे. कान टोचायला चांगला हात असलेला सोनार शोधतो, बाळीत मोती कुठला घालायचा यावर दोन घरांत चर्चा होते. आणि त्या कानात सांगितलेलं नाव आत पोचलं का, हे पाहायला कुणाकडे पाच मिनिटं नसतात.

हे मी एवढ्या तळमळीने का लिहितेय ते सांगते. माझा धाकटा भाऊ 1986 साली कळव्यात जन्मला. मी तेव्हा नऊ वर्षांची. त्याला ऐकू येत नाही हे आम्हाला कळलं तेव्हा तो चार वर्षांचा व्हायला आला होता. त्या आधीची वर्षं तो हट्टी आहे, ऐकत नाही, लाडाने बिघडलाय असं सगळे म्हणत आणि मीही म्हणत असे. हाक मारून तो आला नाही म्हणून मी त्याला मारलेलं आहे. मग आई त्याला कडेवर घेऊन कळव्याहून दादर, दादरला गाडी बदलून वांद्रे, असं कर्णबधिरांसाठीच्या अली यावर जंग संस्थेत नेऊ लागली. परतीच्या गाडीत ती शिकून आलेले शब्द त्याच्या ओठांकडे बघत म्हणत राहायची, आणि डब्यातल्या बायका तिच्याकडे पाहत. भाऊ आज स्वतःच्या पायावर उभा आहे. तो खुणांच्या भाषेत बोलतो, त्याचे मित्र आहेत, संसार आहे, आणि त्याचं आयुष्य कुठल्याही अर्थाने कमी नाही. पण त्याची पहिली चार वर्षं बिनभाषेची गेली. बोलीही नाही आणि खुणाही नाहीत. ती वर्षं त्याला कुणीही परत देऊ शकलेलं नाही.

आमचा त्या काळच्या डॉक्टरांवर राग नाही. निरोगी कान आवाज ऐकल्यावर स्वतःही एक अगदी क्षीण आवाज परत करतो, हे लंडनच्या डेव्हिड केंप यांनी 1978 साली मोजून दाखवलं. त्यावरून बाळाचे कान तपासणारं यंत्र तयार होऊन आपल्यापर्यंत यायला वेळ लागला. 1986 साली कळव्याच्या प्रसूतिगृहात ते असण्याची शक्यताच नव्हती. आज ते हातात मावतं. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोपीची छोटी नळी ठेवायची, यंत्र टिकटिक आवाज सोडतं, कॉक्लियातल्या, म्हणजे आतल्या कानाच्या शंखातल्या, बाह्य केसपेशी चांगल्या असतील तर परतीचा आवाज येतो आणि पडद्यावर ‘पास’ उमटतं. हीच ओएई चाचणी. सुई नाही, भूल नाही, बाळ जागंही होत नाही. दिघ्याच्या मुलाच्या बाबतीत म्हणूनच मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, त्या परिपत्रकाच्या तर्काबद्दल. ‘फक्त धोक्यातली बाळं तपासू’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. वजन कमी आहे, जन्मतः रडलं नाही, कावीळ इतकी चढली की रक्त बदलावं लागलं, जेंटामायसिन-अमिकासिनसारखी इंजेक्शनं द्यावी लागली, आईला गरोदरपणात रुबेला किंवा सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग झाला, नात्यात लग्न आहे, घरात कुणी जन्मतः बहिरं आहे – ही सगळी धोक्याची लक्षणं खरी आहेत. पण जन्मतः बहिरेपण असलेल्या मुलांपैकी साधारण निम्म्या मुलांत यातलं एकही लक्षण नसतं. पूर्ण दिवसांचं, तीन किलोचं, खणखणीत रडणारं बाळ असतं ते. बहुतेक बहिऱ्या मुलांचे आईबाप ऐकू येणारे असतात, म्हणून ‘आमच्याकडे कुणी तसं नाही’ यालाही अर्थ उरत नाही. म्हणजे ही गाळणी पहिल्याच दिवशी निम्मी मुलं हातातून सोडते. दिघ्याचा मुलगा याच निम्म्यातला.

दुसरी बाजू त्याहून वाईट. एनआयसीयूतल्या बाळांसाठी परिपत्रकात ओएई चाचणीच लिहिलेली आहे. ओएई कॉक्लियापर्यंतचं सांगते, पुढच्या नसेचं सांगत नाही. तीव्र कावीळ झालेल्या किंवा गुदमरलेल्या बाळात कॉक्लिया ठीक आणि नसेचा मार्ग बिघडलेला असं होऊ शकतं. ओएई ‘पास’ येतो आणि मूल ऐकत नाही. अशा बाळांना बेराच्या तत्त्वावर चालणारी स्वयंचलित चाचणी लागते. ज्यांना नुसत्या ओएईने बरंच कळलं असतं त्यांना परिपत्रकाने वगळलं, आणि ज्यांना त्याने पुरेसं कळत नाही त्यांना तेवढंच दिलं. हे लिहिण्याआधी एका ऑडिओलॉजिस्टला विचारलं असतं तर दोन मिनिटांत सुधारलं असतं. मी त्याच मजल्यावर बसते.

‘बहुतेक बाळं पास होतात’ हे खरं आहे. जगभरचा अंदाज हजारी एक ते तीन बाळं कायमच्या श्रवणदोषासह जन्मतात असा आहे. जन्मतः थायरॉईडचा दोष याहून विरळा असतो, तरी तो तपासायला हवा हे डॉक्टरांना पटवून द्यावं लागत नाही. पोलिओचा एकही रुग्ण दिसत नसताना आपण दारोदार थेंब पाजत राहिलो. कानाच्या बाबतीतच आपल्याला आकडा लहान का वाटतो? मला वाटतं, बहिरं बाळ दिसत नाही म्हणून. ते दूध पितं, हसतं, बाळसं धरतं. तपासणीच्या टेबलावर ते सगळ्यात निरोगी बाळ असू शकतं.

आणि वेळ गेल्यावर काय जातं, हे आपल्या सगळ्यांना शिकवलेलं आहे. 1998 साली अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यातल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचं बहिरेपण सहा महिन्यांच्या आत कळून उपाय सुरू झाले त्यांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्ट पुढे होती. दोष सौम्य असो की तीव्र, घर गरीब असो की सुखवस्तू, हा फरक टिकून होता. त्यानंतर जगभर एक-तीन-सहा हा हिशेब रूढ झाला : पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय. यातलं शास्त्र आपल्यापैकी प्रत्येकाच्या अभ्यासक्रमात येऊन गेलंय. राहिली ती आपली एकमेकांशी बोलायची सवय.

तिसरी तक्रार पालकांच्या ‘तक्रारीं’बद्दल, कारण त्यात आपलीच चूक आहे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी बाळाच्या कानात गर्भजल आणि चिकट थर असतो. तेव्हा घाईने चाचणी केली की बरीच बाळं विनाकारण अडकतात, म्हणजे पास होत नाहीत. मग सिस्टर घाईत म्हणतात, ‘कान फेल आलाय, नंतर दाखवा.’ ओली बाळंतीण, टाके दुखतायत, आणि कानावर ‘फेल’ हा शब्द. ती घाबरणार नाही तर काय करेल? चाचणी घरी सोडण्याच्या अगदी आधी करावी, बाळ पाजून झोपवून करावी, अडकली तर त्याच दिवशी पुन्हा एकदा करावी. तरीही अडकली तर ‘कानात अजून पाणी असेल, दीड महिन्यांनी लस द्यायला याल तेव्हा परत बघू, ही तारीख’ असं शांतपणे सांगावं. मी हे वाक्य रोज म्हणते. त्या वाक्यानंतर रडत गेलेली आई मला आठवत नाही.

पुढची गोष्ट आपल्या समाजाची आहे आणि परदेशी नियमावलीत ती सापडायची नाही. आपल्या लेकी बाळंतपणाला माहेरी जातात. ऐरोलीत राहणारी मुलगी साताऱ्याला बाळंत होते आणि तीन महिन्यांनी परत येते. साताऱ्याहून ठाण्यात माहेरी आलेली इथे चाचणी करून गावी जाते. जिथे चाचणी अडकली तिथे ती पुन्हा कधीच येत नाही. आम्ही फोन करतो, नंबर नवऱ्याचा असतो, तो कामावर असतो. अडकलेल्या बाळांपैकी किती परत आली याची वही माझ्याकडे आहे, आणि तिच्यातल्या रिकाम्या जागा बघून मला झोप लागत नाही. यावर उपाय महागडा नाही. प्रत्येक आई एक कागद मात्र जिवापाड जपते : लसीचं कार्ड. गावाला जा, शहरात या, ते कार्ड बरोबर असतं. त्या कार्डावर कानाची एक ओळ मराठीत हवी. उजवा कान, डावा कान, तारीख, आणि पुढची तपासणी कधी. सहाव्या आठवड्याची लस देणाऱ्या माणसाने ती ओळ वाचावी. आशाताई बाळाच्या घरी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत भेटी देतात, त्यांनीही वाचावी. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस देताना ‘हाकेला वळतं का?’ एवढा एक प्रश्न विचारावा, आणि आई ‘शंका आहे’ म्हणाली तर तिच्या शंकेला चाचणीचं मोल द्यावं.

बालरोगतज्ज्ञांना मी हात जोडून सांगते : ‘थांबा, बोलेल’ हे वाक्य बेरा झाल्याशिवाय म्हणू नका. तुमच्या शब्दाला घरात जे वजन असतं ते आमच्या दहा रिपोर्टांना नसतं. त्याच वजनाने तुम्ही ‘या आठवड्यात कान तपासून घ्या’ म्हणालात तर सासूबाईसुद्धा रिक्षात बसतात.

चौथी तक्रार मला लिहायला जड जातेय, कारण ती माझ्याच माणसांबद्दल आहे. आपण ऑडिओलॉजिस्ट लोकांनी स्वतःला ‘मशीनवाले’ करून घेतलं आहे. चार वर्षं शिकायचं, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिप, मग आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी, आणि इतकं करून आपण ग्राफ काढून पाकिटात घालून देतो. त्या ग्राफचा अर्थ काय, पुढे काय करायचं, हे सांगताना आपला आवाज खोलीबाहेर जात नाही. काही जण श्रवणयंत्राच्या किमतीवर जगतात. पेशंट पाठवणाऱ्याला टक्का द्यायचा, तो यंत्राच्या किमतीत मिसळायचा. निवृत्त माणसाच्या फंडातून लाखाचं यंत्र निघतं, आणि ते कानात घातल्यावर आवाज खरोखर किती पोचतो हे नळी घालून मोजण्याची तसदीही कुणी घेत नाही. यंत्र कपाटात जातं. मग सगळीकडे सांगितलं जातं, ‘कानाच्या मशीनचा काही उपयोग नसतो.’ ते ऐकून पुढचे दहा जण दारातूनच परत जातात.

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात प्रेस मशीनवर होते. अठ्ठावीस वर्षं. दरवर्षी कंपनीत गाडी यायची, मशीन चालू असताना पंधरा मिनिटांत वीस जणांचे कान तपासून व्हायचे, सगळ्यांना ‘नॉर्मल’. आवाजाने येणारं बहिरेपण 1948 च्या कारखाना कायद्याच्या अनुसूचीत होतं, त्याची नोंद कळवणं बंधनकारक होतं. वडिलांच्या कागदांवर शेवटपर्यंत ‘नॉर्मल’च होतं. नाटकांचं त्यांना वेड होतं. निवृत्तीनंतर एकदा गडकरी रंगायतनहून ते मध्यंतरातच परत आले, आणि पुन्हा गेले नाहीत. त्या ‘नॉर्मल’खाली सही करणारा आमच्यापैकीच कुणीतरी होता. मी ही गोष्ट दुसऱ्यांवर बोट दाखवण्याआधी सांगायला हवी होती, म्हणून इथे सांगितली.

कायद्याकडून फार आधार नाही. 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यात नोंदणी नसताना हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हजार रुपये! एका चांगल्या श्रवणयंत्राच्या किमतीपुढे ते काहीच नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांत 60 डेसिबलपासून सुरू होते. 50 डेसिबलचा दोष असलेलं मूल वर्गात निम्मं ऐकतं, निम्मं चुकतं, आणि व्याख्येबाहेर राहतं. या दोन गोष्टी बदलून घ्यायच्या तर एकट्या-दुकट्याच्या निवेदनाने होणार नाही. बालरोगतज्ज्ञ, ईएनटी सर्जन, कर्णबधिर मुलांच्या शाळांचे शिक्षक, पालक आणि स्वतः कर्णबधिर माणसं एका कागदावर सह्या करतील तेव्हा तो कागद वाचला जाईल. आजवर आपण ईएनटीविरुद्ध ऑडिओलॉजिस्ट, बोली विरुद्ध खुणांची भाषा, असे वाद घालण्यात बरीच वर्षं घालवली. माझ्या भावाकडे बघून मी एवढंच म्हणेन की लवकर कळलं तर मुलाला श्रवणयंत्र, कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र) आणि खुणांची भाषा, सगळे रस्ते उघडे राहतात. उशिरा कळलं की एकेक बंद होत जातो. दिव्यांगांना साधनं मिळावीत म्हणून असलेल्या केंद्राच्या एडिप योजनेत पाच वर्षांच्या आतल्या मुलांना इम्प्लांटसाठी लाखो रुपयांची मदत मिळते. दिघ्याच्या मुलासाठी अर्ज, तपासण्या, यंत्र लावून पाहण्याचा काळ, हे सगळं उरलेल्या सव्वादोन वर्षांत बसवायचंय. आणि मेंदू त्या अर्जासाठी थांबत नाही. ऐकायला शिकण्याची त्याची सर्वात उत्तम वर्षं पहिली तीन-साडेतीनच.

आता तपासणीचं यंत्र परवडत नाही, या उत्तराबद्दल. छोट्या प्रसूतिगृहाला काही लाखांचं यंत्र जड जातं हे मला मान्य आहे. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी 2003 मध्ये यावर साधी युक्ती काढली. प्रत्येक रुग्णालयाने यंत्र घ्यायचंच नाही. एक यंत्र, एक प्रशिक्षित व्यक्ती, आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या रुग्णालयात फेरी. जी बाळं अडकतील त्यांची पुढची तपासणी एका मध्यवर्ती ठिकाणी. आपल्याकडे तर ट्रान्स-हार्बरची लोकल आहे. ठाण्याहून निघालेली एक बॅग ऐरोली, घणसोली, तुर्भे करत दुपारपर्यंत वाशी-नेरूळला पोचू शकते. मी स्वतः ती बॅग खांद्याला लावून ही फेरी केलेली आहे, गर्दीच्या वेळेतही.

माझ्या पोटावर पाय येतो म्हणून मी ओरडतेय असा समज होऊ नये, म्हणून स्पष्ट लिहिते. पहिली चाचणी करायला ऑडिओलॉजिस्टच हवा, असं मी म्हणत नाही. नीट शिकवलेली परिचारिका ती उत्तम करते. मी कित्येक सिस्टरना शिकवली आहे. पण विक्रेत्याने एक दिवस येऊन बटणं दाखवणं म्हणजे शिकवणं नव्हे. कोणती चाचणी ग्राह्य धरायची, कोणती पुन्हा घ्यायची, अडकलेल्या बाळाच्या आईशी काय बोलायचं, आणि ते बाळ निदानापर्यंत पोचलं की नाही, याची जबाबदारी घेणारं एक माणूस हवं. ते काम आमचं आहे. आमचा पेशा आधुनिक करायचा म्हणजे मला हेच वाटतं : यंत्र हातातून सोडावं आणि मूल हातातून सोडू नये.

तर माझ्या मागण्या अशा.

प्रसूतिगृहांनी श्रवण चाचणी बाळंतपणाचा भाग धरावी. ‘ऐच्छिक’ हा शब्द कागदावरून काढावा. एखाद्या आईबापांना नकोच असेल तर त्यांना त्यांच्या भाषेत समजावून मग सही घ्यावी. एनआयसीयूतल्या प्रत्येक बाळाला बेरावर आधारित चाचणी मिळावी. निकाल लसीच्या कार्डावर लिहावा, आणि ‘फेल’ हा शब्द कुठेही वापरू नये.

दोन्ही शहरांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी फिरत्या यंत्राची योजना करावी, सरकारी आणि खासगी दोन्ही प्रसूतिगृहांसाठी. ठाणे आणि नवी मुंबईची अडकलेल्या बाळांची नोंद एकाच वहीत असावी. कळव्याचं बाळ घणसोलीला राहायला गेलं म्हणून हरवू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून जन्मतः बहिरेपणाचा समावेश आहे, बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याही आधी, 2006-07 मध्ये सुरू झालेला. नवी योजना शोधायची गरज नाही. जिथे ऑडिओलॉजिस्टचं पद आहे ते भरलेलं असावं, आणि भरलेल्या माणसाला आवाजबंद खोली असावी. पंख्याखाली आणि जनरेटरशेजारी घेतलेली श्रवण चाचणी कुणाच्याच कामाची नाही.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनो, शस्त्रक्रियेचा निर्णय तुमचा आहे. मूल ऐकायला कसं शिकेल याचा विचार करताना आम्हाला शेजारच्या खुर्चीवर बसवा.

सहकाऱ्यांनो, टक्का देणं-घेणं बंद. नोंदणी क्रमांक पाटीवर आणि प्रत्येक रिपोर्टावर ठळक. प्रत्येक यंत्र लावल्यावर कानात मोजून द्यायचं. रिपोर्टाखाली मराठीत चार ओळी लिहायच्या, आईला कळतील अशा. आणि कारखान्यातल्या आवाजात घेतलेल्या चाचणीखाली सही करायची नाही, मग कंत्राट गेलं तरी चालेल.

हे पत्र त्या प्रसूतिगृहाच्या संचालकांनाही मी स्वतः नेऊन दिलं आहे. परिपत्रक मागे घेईपर्यंत माझ्या तीन दिवसांत तिथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाची चाचणी मी विनाशुल्क करायला तयार आहे, तेही लिहून दिलं आहे. बाकी प्रसूतिगृहांपैकी ज्यांना फिरत्या यंत्राची फेरी सुरू करून पाहायची असेल त्यांच्यासाठी माझं यंत्र आणि माझे मंगळवार-शुक्रवार मोकळे आहेत. पहिली बैठक कुणाच्याही सभागृहात घ्या, तारीख तुम्ही ठरवा. महिन्याभरात ठरली नाही तर मी एकेकाच्या दवाखान्यात येऊन भेटेन.

दिघ्याचा मुलगा सोमवारी श्रवणयंत्रासाठी कानाचा मोल्ड, म्हणजे साचा, घ्यायला येतोय. त्याची आत्याही येणार आहे, असं त्याच्या आईने काल फोनवर सांगितलं.

आपली,
ठाण्यातील एक ऑडिओलॉजिस्ट